खिचनच्या कुरजां गावाने सांभाळल्या, तारांचं आणि ओरणचं काम तरी सरकारने करावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत राजस्थानच्या हिवाळी सहलीवर पानभर मजकूर आला होता, त्यात खिचनच्या पक्ष्यांचा मोठा फोटो आणि खाली दोन ओळी, की सायबेरियातून हजारो पक्षी वाळवंटात येतात, जैसलमेरला जाता जाता वाटेत थांबून बघून घ्या. फोटो सुंदरच होता, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर मिस्टरांच्या नोकरीमुळे जोधपूरला आले ती इथलीच झाले, आणि दर हिवाळ्यात आमची खिचनला चक्कर होतेच, त्यामुळे ते वाचून राहवलं नाही. एवढा मोठा विषय दोन ओळीत आटपलात आणि जे सांगायला हवं होतं नेमकं तेच राहून गेलं. म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

आधी पक्ष्याबद्दल सांगते. इथे त्याला कुरजां म्हणतात, आपल्याकडे कांड्या करकोचा. उजनीला, जायकवाडीला, नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात कधीमधी उतरतात ते हेच. जगात क्रौंचांच्या १५ जाती आहेत, त्यात ही सगळ्यात लहान, तरी उभी राहिली की तीन फुटांच्या आसपास भरते, वजन दोन-तीन किलो. अंग राखाडी, मान काळी आणि त्या मानेची लांब पिसं छातीवर लोंबतात, डोळे लालभडक आणि डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा झुपका मागे वळलेला. उन्हाळ्यात मंगोलिया, कझाकस्तान, दक्षिण रशिया, उत्तर चीन इथल्या गवताळ माळांवर पिल्लं काढतात आणि तिकडची थंडी अंगावर यायच्या आत निघतात. बऱ्याच जणींचा रस्ता हिमालयावरून, नेपाळच्या कालीगंडकीच्या खोऱ्यातून, तिथे वारं उलटं सुटलं की आख्खा थवा मागे फिरतो आणि परत प्रयत्न करतो, वर सोनेरी गरुड टपलेले असतात ते वेगळंच. आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं आईबापांच्या बरोबरीने हे सगळं पार करतात हे मला अजूनही खरं वाटत नाही. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात पहिले थवे फलोदीच्या आभाळात दिसतात, मार्चमध्ये परत. फलोदी म्हणजे तेच गाव जिथे १९ मे २०१६ ला ५१ डिग्री तापमान नोंदलं गेलं, देशातला रेकॉर्ड. खिचन तिथून जेमतेम पाच किलोमीटर. अशा जागी एवढे पक्षी का येतात हा प्रश्न कुणालाही पडेल, आणि त्याचं उत्तर तुमच्या पुरवणीत यायला हवं होतं.

उत्तर असं की गावाने त्यांना बोलावलं. म्हणजे मुद्दाम नाही बोलावलं, झालं असं की खिचन हे जैन व्यापाऱ्यांचं जुनं गाव, लाल दगडाच्या कोरीव हवेल्या, बरीचशी घरं आता बंद कारण माणसं धंद्याला बाहेर, पण कबुतरांना दाणे टाकायची पद्धत पहिल्यापासून. १९७० च्या दशकात रतनलाल मालू नावाचे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी रोज दाणे टाकायच्या, त्यात कबुतरं, चिमण्या, मोर आणि मग हिवाळ्यात थोड्या कुरजां पण येऊन टिपायला लागल्या. पुढच्या वर्षी त्याच जास्त संख्येने आल्या. मग आणखी. घराजवळ जागा पुरेना, कुत्री मागे लागायची, तेव्हा पंचायतीने गावाच्या कडेला जागा दिली, तिला कुंपण घातलं, शेजारी धान्याचं कोठार बांधलं, त्या कुंपणाच्या जागेला चुग्गाघर म्हणतात. लोकांनी देणग्या दिल्या, बाहेरगावी गेलेल्या खिचनवाल्यांनी तिथून पैसे पाठवले, आजही पाठवतात. आता एका हंगामात २० हजारांच्या वर कुरजां असतात. हे कुठल्याही योजनेतून झालेलं नाही, कुणी अभयारण्य केलं नाही, कुणी बोर्ड लावला नाही.

सकाळचं चुग्गाघर ज्याने पाहिलं त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. रात्री पक्षी गावाबाहेर उघड्या रणात, माळावर थांबतात. उजाडताना आधी फक्त आवाज येतो, कुर्र कुर्र असा, लांबून, सगळ्या बाजूंनी, मग आभाळात रेघा दिसायला लागतात, एक रेघ, दुसरी, मग मोजता येत नाहीत. लगेच उतरत नाहीत हं, गावावरून गोल गोल फेऱ्या मारतात, कुंपणाजवळ कुत्रं दिसलं किंवा कुणी मोठ्याने बोललं तरी सगळा थवा परत वर. आधी चार-दोन जणी बाहेरच्या वाळूत उतरतात, मान उंच करून बघतात, चालत चालत कुंपणापर्यंत येतात, आणि त्या आत शिरल्या की मग बाकीच्यांचा लोंढा. जागा इतकी भरते की जमीन दिसत नाही. माना खाली घालून भराभर टिपणं चालू, पण कडेच्या काही जणी मान वर करून उभ्याच, खात नाहीत, बघत राहतात. आपल्या वाटच्या ज्वारीचे दाणे टिपून झाले की थव्या-थव्याने उठतात आणि तळ्याकडे जातात, इथे तळ्याला नाडी म्हणतात, रातड़ी नाडी आणि विजयसागर तलाव ही दोन मुख्य ठिकाणं. तिथे पाणी पितात, काठचे बारीक खडे गिळतात (ते पोटात दाणे दळायला लागतात), पंख साफ करतात, दुपारी शेतात पांगतात.

कोठारात एक म्हातारे गृहस्थ असायचे, सगळे त्यांना बासा म्हणायचे म्हणून मीही बासाच म्हणायचे. मी पहिल्यांदा एक पोतं ज्वारी द्यायला गेले तेव्हा मला वाटलं पावती करून घेतील आणि झालं. तर त्यांनी पोत्याची शिवण उसवली, मूठभर ज्वारी काढली, आधी वास घेतला, मग तळहातावर पसरून बोटाने फिरवली, मग दोन दाणे तोंडात टाकून चावले. मला म्हणाले, बाईसा, किडकी ज्वारी असेल तर चालेल, माती असेल तर आम्ही चाळून घेऊ, पण कुणाकुणाचं बियाणं उरलेलं असतं औषध लावलेलं, ते पुण्य करायला म्हणून आणून देतात, ते एक पोतं जरी आत गेलं तर सकाळी आम्हाला काय उचलावं लागेल सांगा. मग पोतं ठेवून घेतलं. त्यांनी हे कुठल्या कोर्समध्ये शिकलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं.

हे सगळं मी इतकं सविस्तर का लिहितेय तर मी सोलापूरची आहे. आमच्या नान्नजला माळढोक होता. १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यातलं मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे कागदावर तालुकेच्या तालुके अभयारण्यात, त्यात लोकांची शेतं, वस्त्या, बाजारपेठा सगळं आलं. मग जमीन विकायची अडचण, बांधकामाची अडचण, कारखान्याला परवानगीची अडचण. माझ्या माहेरी माळढोकचं नाव काढलं की वडीलधारी माणसं चिडायची, पक्ष्यावर राग नव्हता हो, पण पक्ष्याच्या नावाने जे मागे लागलं त्याचा राग होता. पुढे ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं, पण तोपर्यंत माळ नांगरले गेले, ऊस आला, माणसं दुरावली आणि माळढोक जवळपास संपला, आता एखादा दिसला तर बातमी होते. म्हणून खिचन बघताना मला नुसता आनंद नाही होत, काळजी पण वाटते. इथे कायदा नंतर आला आणि गाव आधी होतं. जून २०२५ मध्ये खिचन आणि उदयपूरकडचं मेणार ही दोन्ही ठिकाणं रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, फार चांगलं झालं, मी स्वतः पेढे वाटले. पण आता दर्जा मिळाला म्हणून बाहेरून अधिकारी येऊन गावालाच नियम शिकवायला लागले, नाडीवर गुरांना पाणी पाजू नका, इथे पाय ठेवू नका, तर मग नान्नजचंच पुन्हा होईल. गुरं, माणसं, पक्षी एकाच नाडीवर पाणी पितात म्हणून तर गाव नाडीचा गाळ काढतं.

गावाला जे जमलं ते गावाने केलं. जे एकट्या गावाला जमूच शकत नाही ते मात्र कुणी करत नाहीये, आणि माझा सगळा रोख तिथे आहे.

पहिलं म्हणजे विजेच्या तारा. कुरजांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, उडताना त्या खाली जमीन बघत असतात, बरोबर समोरचं त्यांना नीट दिसतच नाही, त्यात जड अंग, ऐनवेळी तार दिसली तरी पटकन वळता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं आणि नेमक्या त्याच वेळी हजारो पक्षी रणातून चुग्गाघराकडे खालून उडत येतात. पंख तुटलेली कुरजां मी पाहिलीय, जिवंत असते, मान वर धरून उभी राहायचा प्रयत्न करते, आणि मोडलेला पंख जमिनीवर फरफटत असतो, आणि ती परत मंगोलियाला कधीच जाणार नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. खिचनच्या पक्षीमित्रांनी यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले, कोर्टापर्यंत गेले, तेव्हा कुठे चुग्गाघराच्या आणि नाडीच्या जवळच्या काही तारा हलल्या. पण पक्षी काय फक्त चुग्गाघरावरच उडतात का? रात्रीच्या मुक्कामापासून शेतापर्यंतचा त्यांचा रोजचा रस्ता कितीतरी मोठा आहे आणि त्या सगळ्या रस्त्यात नवीन नवीन लाइन टाकणं चालूच आहे.

देहरादूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटने थरमधल्या माळढोकच्या भागाचा अभ्यास करून अंदाज काढला होता की तिथे तारांना धडकून वर्षाला ८० हजारांच्या वर पक्षी मरतात. सगळ्या जातींचे मिळून. त्यात स्थानिक आले, पाहुणे पण आले. याच अभ्यासाच्या जोरावर एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने माळढोकच्या भागात तारा जमिनीखालून न्या असा आदेश दिला, मग सरकारने सांगितलं की एवढ्या मोठ्या भागात, एवढ्या जास्त व्होल्टेजच्या लाइन जमिनीखालून नेणं शक्य नाही, सौर ऊर्जेचं काम अडेल, आणि मार्च २०२४ मध्ये कोर्टाने तो आदेश बदलून तज्ञांची समिती नेमली. मला त्यातलं टेक्निकल कळत नाही असं नाही, घरात वीज क्षेत्रातला माणूस आहे. सगळीकडे केबल पुरणं महाग आहे, मान्य. पण खिचनभोवतीचे पक्ष्यांचे ठरलेले रस्ते माहीत आहेत, रोज डोळ्यांनी दिसतात, तेवढ्या पट्ट्यात तरी तारा जमिनीखालून घ्यायला काय हरकत आहे, आणि जिथे खरंच शक्य नाही तिथे तारेवर चकचकीत फिरत्या चकत्या लावतात त्या तरी लावा आणि लावल्यावर बघा, कारण वाऱ्याने आणि उन्हाने त्या गळून पडतात आणि परत कुणी लावत नाही.

मी सौर ऊर्जेच्या विरोधात मुळीच नाही हे इथेच सांगते, कारण असं काही लिहिलं की लगेच विकासाला विरोध म्हणतात. फलोदीजवळच भडला सोलर पार्क आहे, २,२४५ मेगावॉटचा, साधारण १४ हजार एकरांवर, जगातल्या मोठ्या सोलर पार्कमध्ये त्याचं नाव घेतात. इथलं ऊन तसं आहेच. कोळसा जाळण्यापेक्षा हे लाख पटीने बरं. पण ही वीज राजस्थानातच थोडी राहते, ग्रिडवरून बाकी राज्यांत जाते, आपण सगळे ती वापरतो, मग तिच्या तारा कुठून न्यायच्या आणि पॅनल कुठे लावायचे हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, फक्त फलोदीवाल्यांचा नाही.

आणि पॅनल कुठे लावतात यावरून दुसरी गोष्ट, ओरणची. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली गावाची जमीन, आपल्याकडच्या देवराईसारखी, फक्त इथे दाट झाडी नसते, खेजडी, बोर, केर, सेवण गवत आणि मध्ये एखादी नाडी. तिथलं झाड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही, पण गुरं चारायला सगळ्यांना मोकळं. आता बाहेरच्या माणसाला हे ओसाड वाटतं. कागदावर पण बऱ्याच ठिकाणी त्याची नोंद पडीक जमीन म्हणून आहे, आणि पडीक म्हटलं की ती प्रकल्पाला देणं सोपं. जैसलमेरच्या देगराय ओरणचंच घ्या, तिथले लोक सांगतात की जुन्या काळापासून ६० हजार बिघे देवीच्या नावाने राखलेत, सरकारी कागदावर मात्र ओरण म्हणून साधारण २४ हजारच चढलेत. उरलेल्याचं काय? त्यातून लाइन गेल्या. माळढोकही त्याच भागात तारेला धडकून मेलेला सापडला. आणि त्याच ओरणात हिवाळ्यात कुरजां येतात, तिलोर येतो, गिधाडं येतात, हजारो मेंढ्या आणि उंटही तिथेच चरतात. लोकांनी ओरण वाचवायला पायी यात्रा काढल्या, म्हाताऱ्या बायका चालल्या त्यात.

१८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारला सांगितलं की सगळ्या ओरणांचा, देववनांचा जागेवर जाऊन आणि सॅटेलाइटवरून सर्व्हे करा, त्यांची जंगल म्हणून नोंद करा, समाज राखतोय त्यांना समाजाच्याच देखरेखीत ठेवा. निकाल फार चांगला आहे. पण सर्व्हे संपेपर्यंत ओरणमधल्या जमिनीचं वाटप थांबलं पाहिजे, नाहीतर मोजायला जातील तेव्हा मोजायला काय उरेल? तुमच्यासारख्या पेपरांनी हे विचारलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. राजस्थानची बातमी म्हणून सोडून देऊ नका, आपल्याकडे गायरानांचं काय होतंय ते तुम्हाला माहीत आहेच.

तिसरी गोष्ट रोगाची, आणि ही मला सगळ्यात जास्त घाबरवते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सांभर तलावावर काय झालं ते वाचकांना आठवत असेल, १८ हजारांच्या वर पक्षी काही दिवसांत मेले, थापट्या बदकं, तुतवार, कितीतरी जाती, खाऱ्या चिखलात ओळीने पडलेले. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की बोट्युलिझम. ते कसं पसरतं ते समजून घेण्यासारखं आहे, चिखलातल्या जिवाणूमुळे विष तयार होतं, त्याने पक्ष्याचे पंख लुळे पडतात, मान टाकतो, मरतो, मग त्या मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, अळ्यांमध्ये तेच विष साठतं, त्या अळ्या खाऊन पुढचा पक्षी मरतो, त्याच्यात परत अळ्या. म्हणजे मेलेले पक्षी जितके उशिरा उचलाल तितके जास्त मरणार. हे इतकं साधं आहे. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूर जिल्ह्यातल्या कापरड्याला कुरजां मेल्या, शंभराच्या वर, तो बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात परत कुरजां मेलेल्या सापडल्या, भोपाळच्या लॅबने परत बर्ड फ्लूच सांगितला.

आता विचार करा, खिचनला २० हजार पक्षी रोज सकाळी एका कुंपणात खांद्याला खांदा लावून खातात आणि दोन तळ्यांवर पाणी पितात. तिथे हे शिरलं तर? चुग्गा बंद करा असं काही शहरी लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, एवढ्या वर्षांची सवय एका हंगामात तोडली तर ते सगळे शेतात उतरतील, शेतकरी वैतागतील, औषध मारलेलं खातील. त्यापेक्षा दाणे दोन-तीन जागी वाटून टाका, आणि मुख्य म्हणजे सप्टेंबर ते मार्च एक पशुवैद्य आणि एक पथक फलोदीत कायम ठेवा, ज्यांच्याकडे हातमोजे, पीपीई किट, चुना, नमुना पाठवायचे डबे हे सगळं तयार असेल. आत्ता काय होतं, पक्षी आजारी दिसला की गावची पोरं हाताने उचलून आणतात, प्रेमाने आणतात, पण बर्ड फ्लू असेल तर त्या पोरांचं काय? एका पशुवैद्याचा पगार सरकारला जड नाही.

खिचनच्या पलीकडे वाळवंटात पाहुणे किती आहेत याची तुमच्या पुरवणीत चाहूलही नव्हती म्हणून दोन-तीन नावं सांगते. बिकानेरजवळ जोड़बीड़ म्हणून जागा आहे, शहरातली मेलेली गुरं-उंट तिथे टाकतात, वास सहन होणार नाही पण हिवाळ्यात तिथे मध्य आशियातून आणि हिमालयाकडून गिधाडं येतात, ग्रिफन, काळं गिधाड, पांढरं गिधाड, आणि स्टेपी गरुड तर शेकड्यांनी. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाने, ती मेलेली गुरं खाऊन आपल्या देशातली गिधाडं संपत आली, २००६ मध्ये ते गुरांसाठी बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक बंद झालं, म्हणजे जोड़बीड़ला येणाऱ्या ढोराच्या अंगात काय टोचलंय यावर मंगोलियातून आलेल्या गरुडाचं पण आयुष्य ठरतं. चुरूकडे ताल छापर आहे, फक्त सात-साडेसात चौरस किलोमीटरचं गवताळ रान, काळविटांसाठी प्रसिद्ध, पण संध्याकाळी तिथे भोवत्या पक्षी शेकड्यांनी गवतात मुक्कामाला उतरतात, ते बघायला मुद्दाम जावं. आणि तिलोर, तो माळढोकचाच लहान भाऊबंद, वाळूच्या रंगाचा, समोर असला तरी दिसत नाही. सीमेपलीकडे त्याच्या शिकारीला आखाती देशातले श्रीमंत लोक बहिरी ससाणे घेऊन परवाने काढून येतात, आपल्याकडे मात्र त्याला कायद्याचं सगळ्यात वरचं संरक्षण आहे, याचा अभिमान वाटतो मला.

आता आपल्या मराठी लोकांसाठी. डिसेंबरात जोधपूर-जैसलमेर रस्त्यावर एमएच नंबरच्या गाड्या आणि पुण्या-मुंबईच्या टूरच्या बसेस किती असतात ते इथल्या धाबेवाल्यांना विचारा, आता पोहे पण ठेवायला लागलेत. तुम्ही लिहिलंत म्हणजे यावर्षी आणखी येतील, आणि यावंच, बघण्यासारखंच आहे. पण नऊ वाजता नाश्ता करून निघालात तर चुग्गाघर रिकामं मिळेल, त्यामुळे आदल्या रात्री फलोदीत मुक्काम करा, उजाडायच्या आत पोचा, गच्चीवरून किंवा ठरवून दिलेल्या जागेवरूनच बघा. ड्रोन उडवू नका, मागच्या हिवाळ्यात माझ्या डोळ्यादेखत एकाने उडवला आणि सगळा थवा उपाशी उठून गेला, परत तासभर उतरला नाही, आणि उठला तो सरळ ज्या बाजूला तारा आहेत त्या बाजूला गेला. लहान मुलांना टाळ्या वाजवून पक्षी उडवायला सांगू नका, रीलसाठी तर नकोच नको. नाडीच्या काठाशी उतरू नका. वेफर्स, बिस्किटं टाकू नका. द्यायचंच असेल तर चुग्गाघरात ज्वारीचे पैसे द्या, पावती मिळते. मेलेला किंवा पडलेला पक्षी दिसला तर हात न लावता गावात सांगा.

तुमच्याकडे माझी विनंती आहे की फोटोच्या खाली पुढच्या वेळी एवढं तरी छापा. आणि जमलं तर एखादा वार्ताहर पाठवा, सहल पुरवणीसाठी नको, बातमीसाठी पाठवा. त्याने फलोदीच्या वीज कार्यालयात जाऊन विचारावं की पक्ष्यांच्या रस्त्यातल्या किती किलोमीटर लाइनवर चकत्या लावल्या आणि त्यातल्या आज किती शाबूत आहेत. कलेक्टर ऑफिसात विचारावं की कोर्टाच्या निकालानंतर या जिल्ह्यातल्या किती ओरण मोजून झाल्या. पशुसंवर्धन खात्यात विचारावं की हिवाळ्यासाठी पथक नेमलंय का. तीनच प्रश्न आहेत, तिन्हीची उत्तरं आकड्यात येतात. फेब्रुवारीत पाठवा, तेव्हा संख्या भरपूर असते आणि धुकं कमी असतं, मार्चच्या मध्यानंतर नको कारण तोवर थवे गरम हवेवर गोल गोल चढून उत्तरेला निघालेले असतात. जेवणा-राहण्याची काळजी नको, जोधपूरचं आमचं घर आहे, आणि खिचनला कोण कुठे भेटेल ते मी सांगेन.

आपली,
एक वाचक,
जोधपूर (माहेर सोलापूर)